पाणीहक्कांची बेरीज नदीपेक्षा मोठी का येते?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या काही राज्यांनी पाणीहक्कांची माहिती जाहीर केली आहे. ती तुम्ही उतरवून घेतली. प्रत्येक हक्कापुढे जागा, प्रमाण, तारीख आणि वापराचा प्रकार आहे. काउंटीनुसार (काउंटी म्हणजे तिथला जिल्ह्यासारखा विभाग) बेरीज करून नकाशा रंगवला की कुठल्या भागात किती पाणी वापरलं जातं ते दिसेल, असं तुम्हाला वाटलं. प्रत्यक्षात एकेका काउंटीची बेरीज तिथल्या नदीच्या वर्षभराच्या पाण्यापेक्षा मोठी आली आणि तुम्ही विचारताय, चूक सूत्रात आहे की माहितीत.

काही चूक सूत्रात असणार, तिच्याकडे पुढे येतो. पण सूत्र बिनचूक केलंत तरी बेरीज मोठीच येईल. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये त्या राज्यातल्या हक्कांचा हिशोब मांडला. कागदोपत्री वाटलेलं पाणी सुमारे ३७ कोटी एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उंच पाणी) भरलं आणि राज्यातल्या नद्यांचा सरासरी वार्षिक प्रवाह सुमारे ७ कोटी एकर-फूट. म्हणजे पाचपटीहून जास्त. ही माणसं बेरजेत कच्ची नव्हती. नोंदवहीतच तेवढं पाणी लिहिलेलं आहे.

याचं कारण त्या नोंदवहीच्या हेतूत आहे. कोणी किती पाणी वापरलं हे सांगण्यासाठी ती ठेवलेली नसते. नदीत पाणी कमी पडलं की कोणाचं दार आधी बंद करायचं, हे ठरवण्यासाठी ती ठेवलेली असते. पश्चिमेकडच्या बहुतेक राज्यांत 'आधी आला त्याचा हक्क आधी' हे तत्त्व चालतं. सोन्याच्या खाणींवर पाट खणणाऱ्यांच्या रिवाजातून ते निघालं, १८५५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आणि १८८२ मध्ये कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. या पद्धतीत हक्क म्हणजे रांगेतली जागा, आणि त्यासोबत 'यापेक्षा जास्त घेऊ नये' अशी कमाल मर्यादा. रांगेत शेवटी उभ्या असलेल्याला दहा वर्षांतून दोनदाच पाणी मिळत असेल, तरी त्याचा आकडा नोंदवहीत पूर्णच दिसतो. तुम्ही या सगळ्या मर्यादा एकाच वर्षाचा वापर म्हणून बेरजेत धरल्यात.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते लक्षात राहील. हक्कांच्या तक्त्यात प्रमाणाचा रकाना सगळ्यांत कमी भरवशाचा असतो आणि तारखेचा रकाना सगळ्यांत मोलाचा. बहुतेक नवे अभ्यासक याच्या नेमकं उलट करतात. प्रमाणाचे रंग भरतात आणि तारखेकडे बघतही नाहीत.

आता तक्ता उघडून बसू. पहिली तपासणी ओळींची. अशा माहितीत एक ओळ म्हणजे एक हक्क असेलच असं नाही. एकाच हक्काला पाणी उचलण्याच्या तीन जागा असू शकतात, कारण मालकानं नदीवरून एक पाट आणि दोन विहिरी नोंदवलेल्या असतात. त्याच हक्काखाली सिंचन, जनावरं, घरगुती आणि आग विझवणं असे चार वापर असू शकतात. राज्यं हे वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवतात आणि उतरवून घेताना ते जोडून देतात. तीन जागा आणि चार वापर जोडले की बारा ओळी झाल्या, आणि १२ क्युसेकचा (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) हक्क प्रत्येक ओळीत पूर्ण १२ च लिहिलेला. बेरीज आली १४४ क्युसेक. म्हणून सगळ्यांत आधी हक्क क्रमांकानुसार वेगळ्या नोंदी मोजा आणि एकूण ओळींशी ताडून बघा. फरक मोठा असेल तर प्रमाणाचा हिशोब हक्कांच्या मूळ तक्त्यावरच करा आणि जागांचा तक्ता फक्त नकाशासाठी ठेवा.

दुसरी तपासणी हक्काच्या अवस्थेची. कोलोराडोत 'सशर्त' हक्क असतात. पुढेमागे धरण किंवा पाट बांधू म्हणून रांगेतली जागा राखून ठेवलेली असते, पाणी अजून एक थेंबही वळवलेलं नसतं. काम पूर्ण करून पाणी वापरात आणल्यावर तो 'पूर्ण' हक्क होतो. काही मोठ्या सशर्त हक्कांवर दशकानुदशकं काहीही बांधलेलं नाही, पण आकडा अवाढव्य आहे. इतर राज्यांत अर्ज, परवाना, प्रमाणपत्र, रद्द, मागे घेतलेला अशा अवस्था दिसतील. वापराचा अंदाज करायचा असेल तर अर्ज आणि सशर्त हक्क बाजूला काढा, पण पुसून टाकू नका. पुढच्या काळात ताण कुठे येणार हे त्यांच्यावरूनच कळतं.

तिसरी गोष्ट पूरक हक्कांची. एकाच शेतावर पाटाचा जुना हक्क आणि विहिरीचा नवा हक्क असे दोन्ही असणं ही नेहमीची बाब आहे. सुकाळात पाट चालतो, पाट आटला की विहीर. शेत एकच, पीक एकच, पण नोंदवहीत दोन पूर्ण आकडे. काही राज्यं विहिरीच्या हक्कापुढे 'पूरक' असा शेरा मारतात, काही मारत नाहीत. शेरा नसेल तर भिजणाऱ्या क्षेत्राचे बहुभुज (नकाशावरच्या बंदिस्त आकृती) एकमेकांवर ठेवून बघावं लागतं. वेळखाऊ काम आहे, पण सिंचनाच्या भागात हे केल्याशिवाय कुठल्याही बेरजेला अर्थ नाही.

चौथी, जलविद्युत आणि मत्स्यबीज केंद्रं. यांचे आकडे प्रचंड असतात आणि पाणी मात्र जवळजवळ सगळं नदीत परत जातं. एकाच नदीवर एकाखाली एक चार वीजघरं असतील तर तेच पाणी चारदा मोजलं जाईल. हे हक्क वेगळ्या थरात ठेवा. तुमच्या काउंटीच्या बेरजेतला मोठा फुगवटा इथेच निघाला तर मला नवल वाटणार नाही.

एककांचं थोडक्यात सांगतो, कारण हे एकदा नीट लावलं की संपतं. एक क्युसेक दिवसभर वाहिला तर १.९८ एकर-फूट, वर्षभर अखंड वाहिला तर सुमारे ७२४ एकर-फूट. एक एकर-फूट म्हणजे साधारण १,२३३ घनमीटर. सिंचनाचा हक्क हंगामापुरता असतो, त्यामुळे क्युसेकला सरसकट ३६५ नं गुणू नका. हंगामाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारखा बहुधा दिलेल्या असतात. जुन्या नोंदींत 'मायनर्स इंच' हे एकक भेटेल आणि ते राज्याराज्यांत वेगळं आहे: कॅलिफोर्नियात एका क्युसेकचे ४०, आयडाहोत ५०, कोलोराडोत ३८.४. दोन राज्यं एकत्र करताना हे निसटलं तर नंतर शोधून सापडत नाही.

एवढं सगळं निस्तरल्यावरही उरलेला आकडा कमाल मर्यादाच राहतो. ती किती सैल असते याचा अंदाज वायोमिंगवरून घ्या. तिथे कायद्यानं ७० एकरांना एक क्युसेक असं प्रमाण आहे. १८० दिवस पाणी चाललं तर ३५७ एकर-फूट, म्हणजे प्रत्येक एकरावर पाच फुटांहून जास्त, दीड मीटरची उंची. त्या थंड, उंचावरच्या खोऱ्यांत गवत किंवा लसूणघास हंगामात याच्या बरंच खाली पाणी शोषतं. मधला फरक पाटातून झिरपतो, शेताच्या खालच्या कडेनं वाहून जातो आणि त्यातलं बरंचसं पाणी पुन्हा नदीला मिळतं. खालच्या पाटकऱ्यांचे हक्क या परतीच्या पाण्यावरच उभे असतात. म्हणूनच एका खोऱ्यातल्या हक्कांची बेरीज नदीपेक्षा मोठी असूनही प्रत्यक्षात गाडं चालतं. तेच पाणी वरून खाली येईपर्यंत अनेक शेतांतून जातं.

आणखी एक ओढ लक्षात घ्या. वापर थांबवला तर हक्क जातो असा नियम या राज्यांत आहे. आयडाहोत पाच वर्षं, युटात सात वर्षं पाणी न वापरल्यास हक्क गमावण्याची पाळी येते. कोलोराडोत दर दहा वर्षांनी सोडून दिलेल्या हक्कांची यादी निघते. साहजिकच स्वतःच्या वापराचा अहवाल मालक स्वतःच भरत असेल तिथे आकडा कमी लिहिण्याचं त्याला काहीच कारण नसतं. स्वयंघोषित अहवालात वर्षानुवर्षं तोच गोल आकडा दिसला तर तो मोजलेला नाही असं मी धरतो.

आता जागेबद्दल, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण नकाशा बघणाऱ्याचा विश्वास बिंदूंवर बसतो. पश्चिमेकडच्या जमिनीची जुनी मोजणी चौकटींत आहे. सहा मैल लांबी-रुंदीची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा, त्याच्या चतुर्थांशाचा चतुर्थांश म्हणजे ४० एकर. जुन्या न्यायालयीन हुकूमनाम्यांत पाणी उचलण्याची जागा 'अमुक सेक्शनच्या ईशान्य चतुर्थांशाचा नैऋत्य चतुर्थांश' अशी लिहिलेली आहे. संगणकावर नोंद घेताना त्या ४० एकरांचा मध्यबिंदू अक्षांश-रेखांश म्हणून टाकला गेला. चौकटीची बाजू सुमारे ४०० मीटर, त्यामुळे खरी जागा बिंदूपासून सुमारे २८५ मीटरपर्यंत लांब असू शकते. फक्त सेक्शन माहीत असेल तर ही चूक एक किलोमीटरच्या वर जाते. नकाशा मोठा करून बघा. बिंदू जाळीच्या गाठींवर बसल्यासारखे रांगेत दिसले, किंवा एकाच जागी वीस बिंदू साचलेले दिसले, तर ते मध्यबिंदू आहेत. असे बिंदू 'सगळ्यांत जवळच्या ओढ्याला' आपोआप चिकटवू नका. मुख्य नदीचा हक्क शेजारच्या ओहोळावर जाऊन बसतो आणि मग त्या ओहोळात नसलेलं पाणी दिसायला लागतं. जोडणी नदीच्या नावावरून करा, नाव दोन्हीकडे जुळत नसेल तर हातानं. शिवाय जुने निर्देशांक अक्षांश-रेखांश मोजण्याच्या १९२७ च्या आधारपद्धतीवर आहेत की १९८३ च्या, तेही बघा. पश्चिम भागात या दोहोंत काही ठिकाणी शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो.

याहून मोठी गफलत म्हणजे पाणी उचललं तिथेच वापरलं असं गृहीत धरणं. कोलोराडोत खंडविभाजक पर्वतरांगेच्या पश्चिमेला साठवलेलं पाणी सुमारे २१ किलोमीटरच्या अॅडम्स बोगद्यातून पूर्वेला नेलं जातं. हा कोलोराडो-बिग थॉम्पसन प्रकल्प, १९३८ ते १९५७ दरम्यान बांधलेला. नोंदवहीतला बिंदू कोलोराडो नदीच्या खोऱ्यात आहे, शेतं आणि शहरं साउथ प्लॅटच्या खोऱ्यात. तुमच्या काउंटीच्या नकाशात पश्चिमेकडची विरळ वस्तीची डोंगराळ काउंटी गडद रंगात दिसेल आणि पाणी खर्ची टाकणारी पूर्वेकडची काउंटी फिकी. तसंच सेंट्रल अॅरिझोना प्रकल्पाचं. हवासू सरोवरातून उचललेलं पाणी सुमारे ५४० किलोमीटरचा कालवा चालून फिनिक्स आणि टूसॉनच्या बाजूला जातं. म्हणून प्रत्येक मोठ्या हक्कासाठी दोन जागा लागतात, उचलण्याची आणि वापराची. प्रमाणानुसार उतरता क्रम लावा आणि वरचे हक्क एकेक करून हातानं तपासा. एकूण प्रमाणाचा फार मोठा हिस्सा थोड्याच हक्कांत एकवटलेला असतो, त्यामुळे हे काम वाटतं तेवढं मोठं नाही.

प्रदेशाचं एकक म्हणून काउंटी सोडून द्या, असं मी सुचवेन. पाणी काउंटीची हद्द ओळखत नाही. अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेनं देशभराचे पाणलोट एकात एक बसणाऱ्या संकेतांकांनी आखून ठेवले आहेत, दोन अंकी मोठ्या प्रदेशापासून बारा अंकी लहान उप-पाणलोटापर्यंत. प्रादेशिक चित्रासाठी आठ अंकी पातळी मला सोयीची वाटते. काउंटीनुसार आकडे हवेतच असतील, समजा धोरणाच्या अहवालासाठी, तर हिशोब पाणलोटात करून शेवटी काउंटीत वाटा.

आता नोंदवहीत जे नाही त्याविषयी. कोऱ्या जागेचा अर्थ 'इथे वापर नाही' असा लावला जातो आणि तो सर्रास चुकीचा असतो. कॅलिफोर्नियात नदीकाठच्या जमिनीचे हक्क आणि १९१४ च्या पूर्वीचे हक्क यांना परवाना लागत नाही. त्यांची माहिती मालकांच्या निवेदनांतून येते आणि निवेदनांची शिस्त फार उशिरा आली. भूजलाचं तर राज्यागणिक वेगळं आहे. टेक्सासमध्ये आपल्या जमिनीखालचं पाणी उपसण्याचा हक्क जमीनमालकाचा. अॅरिझोनात १९८० च्या कायद्यानं ठराविक क्षेत्रांत बंधनं घातली, त्याबाहेर उपशावर फारसं नियंत्रण नाही. कॅलिफोर्नियानं भूजल व्यवस्थापनाचा कायदा केला तो २०१४ मध्ये. घरगुती विहिरींना बऱ्याच राज्यांत परवान्यातून सूट आहे. वॉशिंग्टन राज्यात दिवसाला ५,००० गॅलनपर्यंतच्या घरगुती उपशाला परवाना लागत नाही.

आणि आदिवासी जमातींचे हक्क. याबद्दल मी मुद्दाम वेगळं लिहितो, कारण नकाशातून ते गळणं हा फक्त तांत्रिक दोष राहत नाही. १९०८ मध्ये मोंटानातल्या फोर्ट बेल्नॅप आरक्षित प्रदेशाच्या खटल्यात, विंटर्स खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की आरक्षित प्रदेश निर्माण झाला त्याच दिवशी त्याच्यासाठी पाणीही राखलं गेलं. म्हणजे या हक्कांची तारीख बहुतेक शेतकऱ्यांच्या आणि शहरांच्या आधीची. पण अनेक जमातींच्या हक्कांचं प्रमाण अजून ठरलेलं नाही, म्हणून राज्याच्या तक्त्यात त्यांना ओळच नाही. रांगेत सगळ्यांत पुढे असलेला माणूस नकाशावर कोराच. निदान आरक्षित प्रदेशांच्या सीमा वेगळ्या थरात दाखवा आणि सूचीत लिहा की इथले हक्क ज्येष्ठ आहेत, प्रमाण अनिश्चित आहे.

मग वापर मोजायचा कशानं? तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा हा आहे आणि उत्तर राज्यावर अवलंबून आहे. मी तीन वेगळे थर ठेवतो आणि त्यांची सरमिसळ होऊ देत नाही: किती घेण्याची मुभा आहे, किती वळवलं, किती खर्ची पडलं (म्हणजे नदीत परत आलं नाही).

वळवलेल्या पाण्यासाठी कोलोराडो सगळ्यांत सुखाचं. तिथे वॉटर कमिशनर, म्हणजे राज्याचे पाणीवाटप अधिकारी, पाटांच्या तोंडाशी मोजमाप ठेवतात, प्रत्येक पाटाला आणि विहिरीला स्वतःचा क्रमांक आहे आणि अनेक पाटांच्या दैनंदिन नोंदी जाहीर आहेत. तिथे काम करताना हिशोबाचं एकक 'हक्क' न ठेवता 'पाट' ठेवा. एका पाटावर वेगवेगळ्या तारखांचे पाचसहा हक्क असतात, पाणी मात्र एकाच दारातून जातं आणि तेच मोजलं जातं. कोलोराडो नदीच्या खालच्या खोऱ्यात, म्हणजे अॅरिझोना, नेवाडा आणि कॅलिफोर्नियात, मुख्य प्रवाहाचं पाणी केंद्र सरकारशी केलेल्या करारांनी मिळतं, आणि ब्यूरो ऑफ रेक्लमेशन ही केंद्राची जलप्रकल्प संस्था दर वर्षी वळवलेलं, परत आलेलं आणि खर्ची पडलेलं पाणी वापरकर्त्यांनुसार प्रसिद्ध करतं. तिथे हक्कांवरून अंदाज बांधण्याची गरजच नाही, हिशोब तयार आहे. कॅलिफोर्नियानं २०१५ च्या कायद्यानं वर्षाला १० एकर-फुटांहून जास्त पाणी वळवणाऱ्यांना मोजमाप सक्तीचं केलं, त्यामुळे त्यानंतरचे आकडे त्याआधीच्या आकड्यांपेक्षा जास्त वजनाचे धरा, पण वेडेवाकडे आकडे गाळूनच.

खर्ची पडलेल्या पाण्यासाठी उपग्रह. जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हिरवाई यांवरून पिकाचं बाष्पोत्सर्जन, म्हणजे पीक आणि जमीन यांतून वाफ होऊन गेलेलं पाणी, काढतात. आयडाहो विद्यापीठात विकसित झालेली मेट्रिक पद्धत पाणीहक्कांच्या कामात बरीच वर्षं वापरात आहे. २०२१ पासून ओपनईटी या मंचावर पश्चिमेकडच्या राज्यांसाठी ३० मीटर तपशिलाचे मासिक आकडे मिळतात, सहा प्रारूपं एकत्र करून काढलेले. हे आकडे वापरताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बाष्पोत्सर्जनात पावसाचं पाणीही असतं, सिंचनाचा वाटा हवा असेल तर उपयुक्त पाऊस वजा करावा लागतो. आणि पिकानं शोषलेलं पाणी पाटाचं होतं की विहिरीचं, हे उपग्रहाला कळत नाही. ते कळण्यासाठी हक्काचा, वापराच्या जागेचा बहुभुज लागतो. इथे तुमची उतरवलेली माहिती कामाला येते. शेत हिरवं आहे, पाटाचा हक्क कनिष्ठ आहे, त्या वर्षी पाट जुलैत बंद झाल्याची नोंद आहे, आणि तरी ऑगस्टमध्ये बाष्पोत्सर्जन टिकून आहे. म्हणजे बहुधा विहीर चालू होती. एकट्या कुठल्याच थरावरून हे दिसलं नसतं.

आता तारखेकडे. हक्कांच्या माहितीतून नकाशा काढायचाच असेल तर मी पहिला नकाशा प्रमाणाचा काढत नाही, ज्येष्ठतेचा काढतो. प्रत्येक पाणलोटात हक्क तारखेनुसार लावा, प्रमाणाची चढती बेरीज करत जा आणि ती बेरीज कोरड्या वर्षाच्या प्रवाहाला कुठल्या तारखेशी गाठते ते बघा. ती तारीख नकाशावर रंगानं दाखवा. एखाद्या खोऱ्यात १८७० च्या दशकातच नदी संपते, एखाद्यात १९५० पर्यंत पुरते. टंचाईत कुठल्या भागाला झळ बसणार हे बघणाऱ्याला क्षणात समजतं, आणि प्रमाणाचे आकडे थोडे फुगलेले असले तरी दोन खोऱ्यांमधली तुलना बऱ्यापैकी टिकते. ही ढोबळ रीत आहे हे खरं. परतीचं पाणी तिच्यात धरलेलं नाही आणि नदीवर वर कोण, खाली कोण याचा विचारही नाही. म्हणून ती तारीख भाकीत म्हणून वापरू नका, ताणाची तुलना म्हणून वापरा. कोलोराडोत 'कॉल'च्या नोंदी मिळतात, म्हणजे कुठल्या दिवशी कुठल्या ज्येष्ठ हक्कानं पाणी मागितलं आणि कुठल्या तारखेनंतरचे हक्क बंद झाले. तिथे ही ढोबळ तारीख खऱ्या नोंदीशी पडताळून बघता येते, आणि बघावीच.

तारखेतही एक खाच आहे. कोलोराडोत पाणी पहिल्यांदा वापरल्याची तारीख एक आणि न्यायालयानं हक्क मान्य केला त्या कामकाजाची तारीख दुसरी. नंतरच्या कामकाजात मान्य झालेला हक्क, त्याचा वापर कितीही जुना असला तरी, आधीच्या कामकाजातल्या हक्कांच्या मागे जातो. दोन्ही मिळून रांग लावण्यासाठी राज्य एक प्रशासन क्रमांक देतं. क्रम त्यावरच लावा, नुसत्या वापराच्या तारखेवर लावाल तर रांग उलटसुलट होईल.

राज्यं एकत्र करायची असतील तर वेस्टर्न स्टेट्स वॉटर कौन्सिल या पश्चिमेकडच्या राज्यांच्या पाणीविषयक संस्थेनं अनेक राज्यांची माहिती एका साच्यात आणून जाहीर केली आहे, ती सुरुवातीला वापरा. तुमचे बरेच श्रम वाचतील. मात्र साचा एक झाला म्हणून अर्थ एक होत नाही. आयडाहोत स्नेक नदीच्या खोऱ्यातल्या दीड लाखाहून अधिक हक्कांची न्यायालयीन छाननी १९८७ ते २०१४ एवढा काळ चालून पूर्ण झाली, त्यामुळे तिथली ओळ तपासलेली आहे. जिथे अशी छाननी झालेलीच नाही, तिथली ओळ म्हणजे कोणीतरी केलेला दावा. दोन्ही ओळी तक्त्यात सारख्याच दिसतात. माहितीच्या दर्जाचा एक रकाना स्वतः वाढवा आणि नकाशावर तो उठून दिसेल असा दाखवा.

तर थोडक्यात: आधी जोडणीतून वाढलेल्या ओळी काढा, अवस्था आणि पूरक हक्क वेगळे करा, पाणी परत सोडणारे वापर बाजूला ठेवा, मोठ्या हक्कांच्या दोन्ही जागा शोधा, आणि मग प्रमाणासाठी हक्कांवर विसंबू नका. वळवलेल्या पाण्याच्या नोंदी आणि बाष्पोत्सर्जन घ्या.

तुमच्या अभ्यासाचा प्रश्न नेमका काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि पुढचं सगळं त्यावर ठरेल. दुष्काळात कोणावर वेळ येईल हे बघायचं असेल तर तारखांचा नकाशा पुरे. शेतीचा पाणीवापर वाढला की घटला हे हवं असेल तर बाष्पोत्सर्जनाची वर्षवार मालिका घ्या आणि हक्क फक्त स्रोत ओळखण्यासाठी वापरा. नव्या वस्तीला किंवा कारखान्याला पाणी मिळेल का, हा प्रश्न असेल तर सशर्त हक्क आणि प्रलंबित अर्ज हेच मुख्य. तिन्हींसाठी एकच नकाशा करायला जाल तर तो कुठल्याच कामाचा राहणार नाही.

सगळी राज्यं सध्या बाजूला ठेवा. कोलोराडोतलं एकच आठ अंकी पाणलोट क्षेत्र घ्या, शक्यतो असं की ज्याच्या तोंडाशी जुनं प्रवाहमापन केंद्र आहे आणि ज्यात बाहेरून पाणी येत नाही. एक ओलं आणि एक कोरडं वर्ष निवडा. पाटांच्या दैनंदिन नोंदींची बेरीज, बाष्पोत्सर्जन वजा पाऊस, आणि केंद्रावरचा प्रवाह हे तीन आकडे एकमेकांशेजारी मांडा. वळवलेलं पाणी खर्ची पडलेल्या पाण्याच्या दुपटीच्या आसपास आलं तर घाबरू नका, जुन्या पाटांच्या सिंचनात ते सहज शक्य आहे. खर्ची पडलेलं पाणी वळवलेल्यापेक्षा जास्त आलं तर मात्र आधी विहिरी शोधा, मग नदीलगतच्या झाडीचा आणि ओल्या कुरणांचा भाग शेतीत मोजला गेलाय का ते बघा. हे तीन आकडे आणि हक्क क्रमांकानुसारची स्वच्छ यादी इथे टाकलीत, तर पुढच्या पायरीबद्दल नेमकं सांगता येईल.